गिरिपुष्प: लावून विसरायचं झाड नव्हे

फेब्रुवारीत कोकणातून जाताना शेताच्या बांधांवर, गडग्यांच्या कडेला पानं झडलेल्या लांबलचक फांद्या फिकट गुलाबी फुलांनी लगडलेल्या दिसतात. ते गिरिपुष्प. कुणी त्याला उंदीरमारी म्हणतं, देशावर आणि विदर्भात ग्लिरिसिडिया हेच नाव रुळलंय. फुललेलं झाड सुंदर दिसतं, मधमाश्यांनाही त्या दिवसांत चांगलं खाद्य मिळतं. पण शेतकऱ्याच्या नजरेनं पाहिलं तर ती फुलं एक गोष्ट हमखास सांगतात: पावसाळा संपल्यापासून या झाडाला कोयता लागलेला नाही. गिरिपुष्प फुलतं ते जून फांद्यांवर, आणि फांद्या जून झाल्या म्हणजे त्यांच्यावरचा पाला बांधावरच गळून गेला.

गेल्या काही वर्षांत सरकारी योजनांतून, संस्थांमार्फत, शेतकऱ्यांनी आपापल्या हौसेनं हे झाड भरपूर लावलं. छाटणी मात्र त्या मानानं फारच थोड्या ठिकाणी होते. या झाडाचा प्रत्येक उपयोग, मग ते खत असो, चारा, सावली, कुंपण की सरपण, छाटणीवर आणि छाटणीच्या वेळेवर अवलंबून आहे. म्हणून इथे लागवडीबरोबर छाटणीबद्दलही सविस्तर लिहितोय.

झाड मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. तिथे कोकोच्या बागांना सावली देण्यासाठी ते फार जुन्या काळापासून लावतात. स्पॅनिश लोकांबरोबर ते फिलिपिन्सला पोचलं. श्रीलंकेत चहाच्या मळ्यांत सावलीसाठी आलं आणि पुढे नारळाच्या बागांत इतकं पसरलं की २००६ साली तिथल्या सरकारनं चहा, रबर आणि नारळ यांच्यानंतरचं चौथं मळ्याचं पीक म्हणून त्याला मान्यता दिली. शेंगवर्गीय असल्यामुळे मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरतात. उंची दहा-बारा मीटरपर्यंत जाते. चार-पाच महिने कोरडे जाणारा उष्ण प्रदेश त्याला मानवतो, म्हणजे आपलं हवामान जवळजवळ त्याच्या घरचंच. जांभ्याची आम्लधर्मी जमीन चालते, मुरमाड चालते. साचलेलं पाणी आणि दव गोठवणारी थंडी चालत नाही.

आपल्याकडे हे झाड टिकलं त्यामागे एक साधं कारण आहे. मोकाट गुरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत. ताज्या पानाला कुमारिन नावाच्या द्रव्याचा उग्र वास असतो, आणि सवय नसलेलं जनावर हुंगून पुढे जातं. सुबाभळीचं रोप कुंपणाशिवाय जगवणं कठीण. शिवाय जगलीच तर ती बी पाडून शेतभर पसरते. एकोणीसशे ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस सुबाभळीवर सायलिड किडीची साथ आली, तेव्हापासून उष्ण कटिबंधात अनेक ठिकाणी तिच्या जागी गिरिपुष्प आलं. उघड्या बांधावर, राखणीशिवाय उभं राहणारं हिरवळीच्या खताचं दुसरं इतकं सोपं झाड माझ्या माहितीत नाही.

आता लागवड. पहिला निर्णय बी की छाट कलम. बियांपासून केलेल्या झाडाला सोटमूळ असतं, ते खोल जातं, उन्हाळा झेलतं, वाऱ्यात उपटत नाही. छाट कलमाचं झाड लवकर मोठं होतं, पण त्याची मुळं वरच्या थरात आडवी पसरतात. त्यामुळे मराठवाडा, विदर्भ, नगर, सोलापूर या कमी पावसाच्या भागात बांधावर खतासाठी लावायचं तर बियांची रोपंच लावावीत. कोकण, गोवा आणि घाटमाथ्यावर कुंपणासाठी किंवा मिरवेलीच्या आधारासाठी छाट कलम चांगलं. बांधाच्या कडेला नांगर चालतो तिथेही रोप बरं, कारण वरची मुळं नांगराला लागतात आणि दर वर्षी तुटत राहतात.

बी मार्च-एप्रिलमध्ये मिळतं. शेंग दहा-पंधरा सेंटिमीटर लांब, चपटी. हिरवी असते ती पिवळट तपकिरी आणि मग काळपट होते. काळी पडेपर्यंत थांबलात तर उन्हात ती तडकून पिळवटते आणि बी वीस-पंचवीस मीटरवर उडून जातं. तपकिरी झाल्याबरोबर तोडायची, ताडपत्रीवर पसरायची आणि वरून साडी किंवा जाळी टाकायची, नाहीतर अंगणभर बी वेचावं लागतं. बियाच्या आकारानुसार किलोत पाच ते दहा हजार बिया बसतात, त्यामुळे एका शेतकऱ्याला पाव किलो बीसुद्धा पुष्कळ होतं. ताज्या बियाला काही प्रक्रिया लागत नाही, रात्रभर साध्या पाण्यात भिजवलं की पुरे. उगवण आठवडा-दहा दिवसांत होते आणि चांगल्या बियाची नव्वद टक्क्यांच्या वर होते. बी मागच्या वर्षीचं असेल तर आधी मूठभर उगवून बघा. डब्यात घट्ट झाकून, कोरडं आणि थंड जागी ठेवलं नसेल तर उगवण झपाट्यानं उतरते.

पिशवी चार बाय सहा इंचाची घ्यायची. दोन भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग वाळू. एका पिशवीत दोन बिया, दीड सेंटिमीटर खोल. भरायला एप्रिलचा पहिला पंधरवडा योग्य, म्हणजे जून अखेरीला रोप फूट-दीड फुटाचं होतं. रोपवाटिकेत दोन चुका नेहमी होतात. पहिली म्हणजे सकाळ-संध्याकाळ पाणी. त्यानं कोंब जमिनीलगत कुजून आडवे पडतात. वरची माती कोरडी दिसू लागल्यावरच पाणी द्यायचं. दुसरी, रोपं फार लवकर तयार करणं. जानेवारीत भरलेल्या पिशवीत जुलैपर्यंत मूळ तळाशी गोल फिरून गुंडाळतं. असं रोप लागतं, पण दोन वर्षांनी जोराच्या वाऱ्यात मुळासकट कलंडतं. रोप जुनं झालंच असेल तर लावताना पिशवीच्या तळाचा बोटभर भाग मुळासकट कापून टाका.

छाट कलमासाठी फांदीची निवडच महत्त्वाची. पानं झडलेल्या काळात, फेब्रुवारी ते मे, फांदीत अन्नसाठा भरपूर असतो. तेव्हाची फांदी सगळ्यात चांगली. वय सहा महिन्यांपेक्षा जास्त हवं. कोवळी फांदी हिरवी आणि गुळगुळीत असते, ती सुकून जाते. हवी ती फांदी करड्या-तपकिरी सालीची, सालीवर बारीक पांढरे ठिपके असलेली, मनगटाएवढी किंवा थोडी कमी जाड, तीन ते सहा सेंटिमीटर व्यासाची. नखानं साल खरवडली की आत ओला, गर्द हिरवा थर दिसला पाहिजे. फिकट आणि कोरडा दिसला तर ती फांदी बाजूला टाका.

कोयता धारदार हवा आणि घाव एकच. दोन-तीन घावांत तोडलेल्या फांदीचं टोक चिरतं, साल लाकडापासून सुटते आणि तिथूनच कुज सुरू होते. लांबी एक ते दीड मीटर, कुंपणासाठी दोन मीटरपर्यंत. दोन्ही टोकांना तिरका काप द्यायचा. वरचा तिरका असला की त्यावर पाणी थांबत नाही. खालचं-वरचं टोक मात्र लक्षात ठेवा. उलटं पुरलेलं कलम एक तर जगत नाही किंवा कायम रोगट राहतं. खालच्या टोकाकडच्या वीतभर भागात सालीवर तीन-चार उभ्या चिरा मारल्या तर त्या चिरांतून मुळं जास्त फुटतात. कापलेली कलमं सावलीत उभी करून काही दिवस ठेवता येतात. उन्हात टाकली तर दोन दिवसांत वाया जातात.

पुरण्यासाठी पहारीनं भोक पाडा. कलम ठोकून आत घालू नका, कारण ठोकताना वरचं टोक फाटतं आणि खालची साल सोलली जाते. दीड मीटरचं कलम तीस-चाळीस सेंटिमीटर आत गेलं पाहिजे. भोकात कलम टेकवून माती घालत घालत पहारीच्या मागच्या टोकानं चेपायची. तळाशी पोकळी राहिली तर तिथे मूळ धरत नाही. कोकणात मे अखेर ते जूनचा पहिला आठवडा ही वेळ चांगली.

यानंतर सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट घडते. दोन-तीन आठवड्यांत कलमाला हिरवेगार फुटवे येतात आणि सगळं लागलं असं वाटतं. ती पानं फांदीतल्या साठ्यावर आलेली असतात; मुळं त्यानंतर येतात. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये दहा-बारा दिवस उघडीप पडली की हेच हिरवे खुंट एकाएकी माना टाकतात आणि दोष वाळवीला दिला जातो. वाळवी असते, पण बहुतेक वेळा ती मेलेल्या खुंटावर नंतर येते. उघडीप लांबली तर पहिल्या दोन महिन्यांत एकदोनदा पाणी द्या, आणि लागलंय का हे बघायला कलम हलवू नका, कारण नुकतं फुटलेलं मूळ त्या हलवण्यानं तुटतं.

अंतर हेतूप्रमाणे. खतासाठी बांधावर अर्धा मीटर. घट्ट कुंपण हवं असेल तर एक फूट. तारेच्या कुंपणाला जिवंत खांब म्हणून दीड ते दोन मीटर, पण तार पहिल्या वर्षी ठोकायची नाही. हलणाऱ्या खुंटाला मूळ धरत नाही. वर्षभरानंतर खिळा मारताना तार आणि साल यांच्यामध्ये जुन्या टायरचा तुकडा ठेवावा, नाहीतर दोन-तीन वर्षांत खोड तार गिळून टाकतं आणि पुढे कोयता नेमका त्या तारेवर बसतो.

पहिली छाटणी वर्षाच्या आत करू नये, झाड पुरुषभर उंच आणि खोड अंगठ्याहून जाड झाल्यावर करावी. खोड जमिनीपासून पाऊण ते एक मीटरवर तोडायचं. जमिनीलगत तोडलेलं झाड पुन्हा फुटतं, पण फूट कमी येते आणि गवतात दबते. फार वर तोडलं तर पुढच्या खेपेला कोयता पोचत नाही, आणि हात पोचेनासा झाला की छाटणी बंद पडते. बहुतेक बांधांवर असंच होतं. त्यानंतर दर छाटणीला त्याच डोक्याच्या जरा वर, दोन बोटं ठेवून तोडत गेलं की तिथे गाठ तयार होते आणि त्या गाठीतून दहा-पंधरा धुमारे येतात.

वर्षात तीन छाटण्या चांगल्या पावसाच्या भागात सहज होतात: जून-जुलैत पेरणी किंवा लावणीच्या आधी, सप्टेंबरमध्ये, आणि नोव्हेंबरात. दोन छाटण्यांमध्ये किमान दोन-अडीच महिने हवेत. महिन्या-दीड महिन्यानं कापत राहिलं तर मुळांतला साठा संपतो, धुमारे बारीक होत जातात आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी झाडं जागच्या जागी वाळतात. कमी पावसाच्या भागात दोनच छाटण्या घ्या. नोव्हेंबरची छाटणी जमिनीत ओल असेल तरच.

ही नोव्हेंबरची छाटणी बहुतेक जण करत नाहीत, आणि माझ्या मते तीच सर्वात कामाची आहे. न छाटलेलं गिरिपुष्प जानेवारीपासून पानं टाकतं, फुलतं, आणि एप्रिलपर्यंत उघडं राहतं. नोव्हेंबरात छाटलेल्या झाडाला आलेली कोवळी फूट मात्र पानं धरून ठेवते. म्हणजे उन्हाळ्यात सावली आणि हिरवा चारा हवा असेल तर तो नोव्हेंबरच्या कोयत्यानं मिळतो. शिवाय रब्बीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. दक्षिण बांधावरच्या उंच झाडांची सावली थेट पिकावर पडते आणि कडेच्या तीन-चार ओळी पिवळ्या राहतात. बांधावरची झाडं छाटून खाली उतरवली की ही तक्रार उरत नाही. बियासाठी आणि मधमाश्यांसाठी चार-दोन झाडं वेगळी राखून ठेवा, ती छाटू नका.

खताचा हिशेब नीट मांडतो, कारण याबाबत दोन्ही बाजूंनी वाटेल ते बोललं जातं. ताज्या पाल्यात पाऊणहून जास्त पाणी असतं. एक टन ताज्या पाल्यातून कोरडा पाला निघतो सव्वादोनशे किलोच्या आसपास. त्यात नत्र तीन ते साडेतीन टक्के, म्हणजे सात-आठ किलो. पालाश (पोटॅश) चार-पाच किलो. स्फुरद (फॉस्फरस) अर्ध्या किलोच्या आसपास, म्हणजे नगण्य. युरियाच्या पंचेचाळीस किलोच्या गोणीत नत्र साधारण एकवीस किलो असतो. तेव्हा तीन टन पाला म्हणजे नत्राच्या मापानं युरियाची एक गोणी. एक एकर चौरस शेताचा घेर सुमारे अडीचशे मीटर; अर्ध्या मीटरवर पाचशे झाडं बसतात. जमलेल्या झाडापासून एका छाटणीला दोन किलो पाला धरला, चांगल्या जमिनीत तो याहून बराच जास्त येतो, तरी एक टन होतो. तीन छाटण्यांत ती गोणी भरली. गिरिपुष्पामुळे खत विकत घ्यावंच लागत नाही असं सांगणारे चुकतात, आणि एवढ्याशा पाल्यानं काय होणार म्हणणारेही. युरियाच्या गोणीत सेंद्रिय कर्ब नसतो, पालाश नसतो. या पाल्यात दोन्ही आहे. स्फुरद मात्र बाहेरून द्यावाच लागेल.

पाला कोवळा आणि नत्रानं भरलेला असल्यामुळे ओल्या जमिनीत दोन-तीन आठवड्यांत निम्म्याहून अधिक कुजतो. याचा अर्थ तो पिकाला लवकर लागू होतो, आणि वेळ चुकली तर तितक्याच लवकर वाया जातो. उघड्यावर पसरून उन्हात वाळवलेल्या पाल्यातला बराचसा नत्र अमोनियाच्या रूपानं उडून जातो. तोडला त्याच दिवशी मातीआड करा, निदान ओल्या मातीवर दाट थरात टाका. अंगठ्याहून जाड काड्या शेतात टाकू नका. त्या कुजायला महिने लागतात आणि तोवर जमिनीतला नत्र स्वतःकडे ओढतात.

भातात याचा वापर सगळ्यात नीट बसवला गेलाय. कृषिशास्त्रज्ञ डॉ. एन. के. सावंत यांनी मांडलेल्या चारसूत्री भात लागवडीतलं दुसरं सूत्र म्हणजे गिरिपुष्पाचा पाला. माप हेक्टरी तीन टन, म्हणजे गुंठ्याला तीस किलो. पद्धत अशी: चिखलणीच्या सहा ते आठ दिवस आधी पाल्यासकट फांद्या खाचरात सारख्या पसरायच्या. आठवड्यात पानं आपोआप गळून चिखलात पडतात. मग उघड्या झालेल्या काड्या गोळा करून सरपणाला न्यायच्या आणि चिखलणी करायची. पानं ओरबाडत बसायची मजुरी वाचते, आणि काड्या पायाला किंवा पॉवर टिलरला अडकत नाहीत. तीस किलो हे पाल्याचं वजन आहे. जाड फांद्या धरून मोजलं तर खरा पाला निम्माच पडतो, आणि मग भात पिवळं का दिसतं म्हणून पुन्हा युरियाकडे हात जातो. पसरल्यानंतर खाचरातलं पाणी वाहून जाऊ देऊ नका. मोठा पाऊस येऊन मेर फुटली तर कुजलेल्या पाल्याचं सत्त्व शेजारच्या शेतात जातं. या पाल्यानं हेक्टरी दहा-पंधरा किलो नत्राची बचत धरावी. उरलेली गरज चौथ्या सूत्रात भागते: लावणीच्याच दिवशी चार चुडांच्या, म्हणजे लावलेल्या रोपांच्या जुडग्यांच्या, मधोमध युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची ब्रिकेट (दाबून केलेली गोळी), सात ते दहा सेंटिमीटर खोल.

राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजून तयार करायला, ऐन-किंजळीचा टाहाळ (पानांसकट फांद्या) तोडून भाजायची पद्धत अजून अनेक गावांत आहे. त्यासाठी डोंगरावरची झाडं बोडकी होतात. गिरिपुष्पाचा पाला राबासारखा भाजायचा नाही, भाजला की नत्र धुरातून गेला, तो गाडायचा. बांधावर पाला आहे म्हणून डोंगरावरचा ऐन वाचला, तर मला त्याचं मोल युरियाच्या बचतीहून जास्त वाटतं.

कापूस-सोयाबीनमध्ये पाला पेरणीनंतर महिन्याभरानं, पहिल्या-दुसऱ्या डवरणीच्या (ओळींमधल्या कोळपणीच्या) वेळी ओळींमध्ये टाकून मातीनं झाकावा. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात पालाशचा पुरवठा म्हणून ग्लिरिसिडियावर काम झालंय. खर्चामुळे शेतकरी ज्या खतात सगळ्यात आधी हात आखडता घेतो ते पालाशच, त्यामुळे हा उपयोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. आंबा, काजू, नारळ यांच्या आळ्यात सप्टेंबरच्या छाटणीचा पाला झाडामागे दहा ते वीस किलो पसरून वर वाळलेला पालापाचोळा टाकावा. खोडाला चिकटवू नये, हातभर अंतर सोडावं. किनारपट्टीच्या वालुकामय जमिनीत नारळाच्या दोन ओळींमधल्या मोकळ्या जागेत मीटर-मीटरवर गिरिपुष्प लावून बागेतच खत तयार करायची पद्धत कासारगोडच्या केंद्रीय रोपवन पिके संशोधन संस्थेनं बसवली आहे. आपल्या किनाऱ्यावरच्या नारळाच्या वाड्यांना ती तशीच्या तशी लागू पडते.

सावलीचा उपयोग आपल्याकडे कमी चर्चेत आहे. जायफळ, कोकम, आंब्याची कलमं लावल्यावर पहिली दोन वर्षं मार्च ते मेचं ऊन त्यांना भाजतं. रोपाच्या पश्चिमेला दीड-दोन मीटरवर एक-दोन गिरिपुष्पं लावली की दुपारचं ऊन अडतं. फक्त नोव्हेंबरची छाटणी विसरलात तर ऐन उन्हाळ्यात सावलीचं झाड उघडं आणि पावसाळ्यात, जेव्हा प्रकाश हवा तेव्हा, गच्च. तिसऱ्या वर्षी मुख्य झाड सावरलं की गिरिपुष्प काढून टाका. मिरवेलीसाठी पूर्वी पांगारा लावत. २००५ च्या सुमारास केरळात पांगाऱ्यावर गाठी करणारी गांधीलमाशी आली, पानांच्या देठांवर आणि कोंबांवर गाठी येऊन झाडं खंगली, आणि आधारासाठी गिरिपुष्पाकडे लोक वळले. त्यासाठी हाताच्या कोपराएवढी जाड, दोन मीटरची सरळ कलमं निवडावीत. पावसाच्या तोंडावर फांद्या उतरवाव्यात, नाहीतर वेलीला प्रकाश मिळत नाही आणि ओलाव्यानं मर रोग बळावतो. ऑक्टोबरमध्ये हलकी छाटणी करून उन्हाळ्यासाठी छत्री तयार ठेवावी.

चारा म्हणून हा पाला शेळ्या आणि गाई-म्हशींना चालतो. कोरड्या वजनावर प्रथिनं वीस टक्क्यांच्या वर असतात. सवय नसलेली जनावरं पहिले काही दिवस खात नाहीत. फांद्या सकाळी तोडून सावलीत टांगा, संध्याकाळपर्यंत पानं मलूल होतात आणि वास उतरतो. सुरुवातीला मूठभर, कडब्यात मिसळून, वर मिठाचं पाणी शिंपडून द्या. एकूण चाऱ्याच्या पाव हिश्श्यापर्यंत ठेवा. घोडा, गाढव, ससा यांना अजिबात नको. त्यांना तो बाधतो.

इथे एक खबरदारी अगदी काटेकोर पाळावी. पाला सुकवायचा, पण ढीग लावून तापू द्यायचा नाही. बुरशी आली की तिच्यामुळे पानातल्या कुमारिनचं रूपांतर डायकुमारॉलमध्ये होतं, आणि ते रक्त गोठू देत नाही. मध्य अमेरिकेत या झाडाची साल-पानं दळून, मक्याबरोबर शिजवून, आंबवून उंदरांना घालतात ते याच गुणामुळे. उंदीर काही दिवसांनी अंतर्गत रक्तस्रावानं मरतो. म्हणून काळसर, बुरसटलेला, उबलेला पाला जनावराला कधीही घालू नका, तो खताच्या खड्ड्यात टाका. आणि बांधावर नुसतं झाड उभं असल्यानं उंदीर शेत सोडून जातात ही समजूत मनातून काढा. विष आंबवल्यावर तयार होतं, सावलीत नाही. घरी असलं आमिष करायच्या भानगडीतही पडू नये. कुत्र्या-मांजरांनाही ते तितकंच घातक आहे.

किडींमध्ये मावा तेवढा महत्त्वाचा. थंडी सरताना काळा मावा कोवळ्या शेंड्यांवर दाट बसतो, खालची पानं चिकट होतात आणि त्यावर काजळी धरते. झाड यानं मरत नाही. पण हाच मावा वाल, चवळी आणि भुईमुगावरही जातो, आणि कोकणात भातानंतर ओलीवर वाल घेतात तो नेमका याच बांधांच्या आत. वालाच्या शेताभोवती गिरिपुष्प असेल तर जानेवारीत आठवड्यातून एकदा शेंडे उलटून बघा. मावा दिसला की तेवढे शेंडे तोडून पुरून टाका. ढालकिडे आणि त्यांच्या अळ्या दिसत असतील तर फवारणी करू नका, ते आपलं काम करत असतात.

झाड नत्र धरतंय की नाही हे तपासायचं असेल तर पावसाळ्यात रोपाच्या बाजूची माती हलकी उकरून मुळावरची गाठ काढा आणि नखानं फोडा. आत गुलाबी-लालसर दिसली तर काम चालू आहे. पांढरट किंवा हिरवट असेल तर बांधाला थोडं सुपर फॉस्फेट द्या. स्फुरदाच्या कमतरतेनं गाठी निकामी राहतात. दर वर्षी पाला उचलून शेतात नेताना बांधाची माती उपसत असतोच, तेव्हा तीन-चार वर्षांनी बांधालाही पाटीभर शेणखत परत द्यायला हवं.

ज्यांच्या बांधावर झाडं आधीच हाताबाहेर गेली आहेत, खोडं मांडीएवढी आणि फांद्या डोक्याच्या वर, त्यांनी ती उपटू नयेत. मेच्या शेवटच्या आठवड्यात, पाऊस येण्याआधी, करवतीनं मीटरभरावर तिरका काप द्यावा. कोयत्यानं घाव घालत बसलात तर खोड चिरतं. सगळी एकदम न कापता एक आड एक कापावीत, उरलेली पुढच्या वर्षी. जुन्या खोडातून फूट यायला जरा वेळ लागतो. आलेल्या धुमाऱ्यांपैकी सात-आठ चांगले ठेवून बाकीचे ऑगस्टमध्ये हातानं मोडून काढावेत. निघालेलं लाकूड जड आणि टणक असतं, जाळ चांगला धरतं, धूर कमी करतं. श्रीलंकेत तर वीजनिर्मितीसाठीही ते जाळतात. जाड, सरळ ओंडक्यांची साल काढून सावलीत वाळवली तर गोठ्याला चांगले खांब होतात, त्यांना वाळवी सहसा लागत नाही. आणि मनगटाएवढ्या फांद्या लगेच सावलीत उभ्या करून ठेवा. आठवड्यात पाऊस आला की ज्या बांधावर झाडं नाहीत, तिथे त्या पुरता येतील.